एसएटीचा 'टिपांचा प्रश्न' आणि कॉलेज बोर्डाची मोफत प्रश्नपेढी

एसएटी या अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेच्या शिकवणीसाठी हजार-दीड हजार डॉलर भरायला निघालेल्या आईवडिलांनी आधी ती परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाची प्रश्नपेढी उघडून बघावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ती फुकट आहे, तिला लॉगिन लागत नाही आणि परीक्षेचे प्रश्न जे काढतात त्यांनीच ती भरलेली आहे. गणिताबद्दल मी बोलत नाही, तो माझा प्रांत नव्हे. मी बोलतोय ते वाचन-लेखन विभागातल्या एकाच प्रश्नप्रकाराबद्दल. कॉलेज बोर्ड त्याला 'ऱ्हेटॉरिकल सिंथेसिस' म्हणतं. आमच्या घरात त्याचं नाव 'टिपांचा प्रश्न' असं पडलंय.

माझी ओळख एवढीच की मी पुण्यात एका मराठी दैनिकातून उपसंपादक म्हणून निवृत्त झालो. लेक-जावई न्यू जर्सीत एडिसनला असतात. मी तिकडे गेलो की मुक्काम चांगला काही महिन्यांचा असतो. नात अकरावीला आहे, म्हणजे तिकडच्या भाषेत ज्युनिअर इयर, आणि त्या वर्षी घरात एसएटीखेरीज दुसरा विषय नसतो. लेक-जावई दोघंही नोकरीत, म्हणून इंग्रजीच्या सरावाला नातीबरोबर मी बसतो. खाली जे लिहितोय ते त्या बसण्यातून आलेलं आहे.

हा प्रश्न ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सुरुवात ठरलेली असते: एका विषयावर संशोधन करताना विद्यार्थ्याने पुढील टिपा काढल्या आहेत. खाली पाच-सहा सुटी वाक्यं. मग विद्यार्थ्याला काय करायचंय ते एका वाक्यात येतं. दोन गोष्टींतलं साम्य ठसवायचंय, किंवा फरक दाखवायचाय, किंवा एखाद्या अभ्यासाचा निष्कर्ष मांडायचाय, किंवा एखाद्या चित्रकाराची ओळख ज्यांनी त्याचं नावही ऐकलेलं नाही अशा वाचकांना करून द्यायची आहे. त्याखाली चार पर्याय. चारही व्याकरणाने शुद्ध. बहुतेक वेळा चारही टिपांना धरून, म्हणजे खरे. त्यातला एकच सांगितलेलं काम करतो.

माझ्या दृष्टीने अख्ख्या परीक्षेतला हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. कारण मी आयुष्यभर हेच काम केलं. रात्रपाळीला पीटीआयची लांबलचक कॉपी यायची. केंद्रीय अर्थसंकल्पाच्या दिवशी तर भाषणाचे तुकडे एकामागून एक येतच राहायचे. त्याच कॉपीतून पहिल्या पानाला करसवलतीची बातमी निघायची, जिल्हा आवृत्तीला खताच्या अनुदानाची आणि अर्थ पानाला वित्तीय तुटीची. मजकूर तोच. पण कोणासाठी आणि कशासाठी हे ठरलं, की त्यातली बरीचशी माहिती आपोआप बाजूला पडायची. नव्याने रुजू झालेल्या मुलांना हे पटवायलाच वेळ लागायचा. कॉपीत आहे म्हणून बातमीत आलंच पाहिजे, असं त्यांना वाटायचं. मथळ्याला जागा दोन ओळींची, आणि त्यात त्यांना मंत्र्याचं नाव, आकडा, तारीख, गाव सगळं बसवायचं असायचं.

आपल्याकडे शाळेपासून सवयच तशी लागते. 'मुद्द्यांवरून गोष्ट लिहा' हा प्रश्न आपण सगळ्यांनी लिहिलाय. म्हातारा शेतकरी, चार मुलगे, सतत भांडणं, काठ्यांची मोळी, बोध. त्यात एकूण एक मुद्दा यायलाच हवा. एखादा सुटला तर गुण गेला. त्या प्रश्नाला मी नावं ठेवत नाही, त्याने वाक्यं जोडायला शिकवलं. पण तीच सवय घेऊन एसएटीला बसलेला मुलगा इथे हमखास अडकतो. माझ्या पुतण्याचा मुलगा पुण्याहून ही परीक्षा देतोय. भारतात ती मार्च २०२३ पासून कॉम्प्युटरवर आली, अमेरिकेत वर्षभराने, मार्च २०२४ मध्ये. त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर सराव करताना लक्षात आलं की तो दर वेळी सगळ्यात लांब पर्याय निवडतो. विचारलं तर म्हणाला, "आजोबा, सगळं आलंय ना त्यात!" हुशार मुलगा, इंग्रजी उत्तम, व्याकरणाचे प्रश्न चुटकीसरशी सोडवतो. आणि हा प्रश्न मात्र चुकतो. त्याला इंग्रजी शिकवायची गरज नव्हती. काय सोडायचं हे शिकवायची होती.

कॉलेज बोर्डाचा प्रश्न इथे उतरवण्यापेक्षा, त्याच साच्यात मी या दोघांसाठी केलेला एक देतो. एक विवर तिच्या देशातलं, एक त्याच्या.

टिपा अशा:
– लोणार विवर महाराष्ट्रात बुलढाणा जिल्ह्यात आहे.
– ते उल्कापातामुळे तयार झालं.
– त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून ते बसाल्ट खडकात आहे.
– बॅरिंजर विवर अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात आहे.
– तेही उल्कापातामुळे तयार झालं.
– त्याचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर असून ते गाळाच्या खडकात आहे.

विद्यार्थ्याला करायचंय काय, तर ही दोन विवरं ज्या खडकांत आहेत त्या खडकांतला फरक ठसवायचा आहे. पर्याय असे:

अ) बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार विवर बसाल्ट खडकात असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे.
ब) लोणार आणि बॅरिंजर ही दोन्ही विवरं उल्कापातामुळे तयार झाली असली, तरी लोणार व्यासाने मोठं आहे.
क) लोणार विवर बसाल्ट खडकात आहे, तर बॅरिंजर विवर गाळाच्या खडकात आहे.
ड) महाराष्ट्रातलं लोणार आणि अ‍ॅरिझोनातलं बॅरिंजर ही दोन्ही विवरं खडकावर उल्का आदळून तयार झाली आहेत.

चारही वाक्यं खरी आहेत. 'अ' मध्ये खडक आहे, पण विवर एकच, मग फरक कुठला दाखवणार? 'ब' मध्ये फरक आहे, पण तो आकाराचा. पुतण्याच्या मुलाने 'ब' निवडलं, कारण त्यात साम्यही आहे आणि फरकही, म्हणजे त्याच्या मते भरगच्च. 'ड' मध्ये 'खडक' हा शब्द असल्यामुळे घाईत वाचणारा फसतो, प्रत्यक्षात ते साम्य सांगतंय. उरलं ते सगळ्यात आखूड वाक्य, 'क'. त्यात व्यास नाही, राज्य नाही, उल्का नाही, आणि तेच बरोबर.

आता टिपा त्याच ठेवा आणि उद्देश बदला: बॅरिंजर विवराची माहिती असलेल्या वाचकांना लोणारची ओळख करून द्यायची आहे. लगेच वरचे चारही पर्याय निकामी होतात. आता हवं असं काही वाक्य: 'बॅरिंजरप्रमाणेच उल्कापातामुळे तयार झालेलं, पण त्याहून मोठं असलेलं लोणार विवर महाराष्ट्रातल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे.' बॅरिंजर कुठे आहे हे यात सांगायचं नाही, कारण वाचकाला ते ठाऊक आहे असं उद्देशातच म्हटलंय. उलट लोणार कुठे आहे, काय आहे हे आलंच पाहिजे. 'माहीत असलेल्या वाचकांना' आणि 'माहीत नसलेल्या वाचकांना' या शब्दांवर प्रश्नपेढीतले कितीतरी अवघड प्रश्न उभे आहेत. मुलं नेमके तेच शब्द नजरेआड करतात. नातीला मी उद्देशाच्या वाक्यातल्या प्रत्येक अटीखाली पेन्सिलीने रेघ मारायला लावली. दोन अटी असतील तर दोन रेघा. पर्यायाने दोन्ही पुऱ्या केल्या पाहिजेत, एकीवर भागत नाही.

आता प्रश्नपेढीकडे येतो. तिचं नाव 'एसएटी सूट क्वेश्चन बँक'. आधी परीक्षा निवडायची: एसएटी की पीएसएटी, म्हणजे तिच्या आधीची पूर्वतयारीची परीक्षा. मग वाचन-लेखन हा विभाग. मग त्यातली चार क्षेत्रं दिसतात. आपल्याला हवं ते 'एक्स्प्रेशन ऑफ आयडियाज'. त्यात दोनच कौशल्यं आहेत, एक जोडशब्दांचं (म्हणजे 'तथापि', 'परिणामी' असे वाक्यं जोडणारे शब्द) आणि दुसरं हे टिपांचं. नुसतं टिपांचं निवडता येतं. पुढे काठिण्यपातळी सोपी, मध्यम, अवघड अशी वेगळी करता येते. हवे ते प्रश्न निवडून पीडीएफ काढता येते, उत्तरांसह किंवा उत्तरांशिवाय. प्रत्येक प्रश्नाला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवणं सोपं जातं.

एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी. चालू सराव परीक्षांत वापरलेले प्रश्न वगळण्याची सोय तिथे आहे. ती खूण केल्याशिवाय पीडीएफ काढू नका. नाहीतर मूल तेच प्रश्न आधी सोडवून बसतं, आणि पुढे पूर्ण सराव परीक्षेत आलेले गुण फुगलेले निघतात. त्या गुणांवर विसंबून घरात आनंदीआनंद होतो आणि खऱ्या परीक्षेत पदरी निराशा येते.

प्रश्नांचा दर्जा? अव्वल. मी संपादनाच्या नजरेने वाचले. विषय कुठले कुठले: प्राण्यांच्या सवयी, पुरातत्त्व, विणकाम, कविता, खगोलशास्त्र, एखादी विस्मरणात गेलेली शिल्पकार. आणि दोन उत्तरं बरोबर वाटावीत असा प्रश्न मला दिसला नाही. हे वाटतं तितकं सोपं नाही. चार खऱ्या वाक्यांतलं एकच उद्देशाला लागू पडावं आणि उरलेली तीन जवळपास लागू पडल्यासारखी वाटावीत, यासाठी प्रश्न काढणाऱ्याला प्रत्येक शब्द तोलावा लागतो. वरचा लोणारचा प्रश्न करताना मला त्याची कल्पना आली. 'ड' मध्ये 'खडक' शब्द किती ठळक ठेवायचा यावर मी बराच वेळ घालवला.

उणीव आहे ती स्पष्टीकरणांत. ती बरोबर असतात, पण ठोकळेबाज. अमुक पर्याय योग्य, कारण तो साम्य ठसवतो. तमुक पर्याय अयोग्य, कारण तो साम्य ठसवत नाही. मुलाला नेमकं हेच कळलेलं नसतं, आणि उत्तरात प्रश्नच उलटा फिरवून दिलेला असतो. तो पर्याय साम्याऐवजी काय करतोय, तो नेमका कुठल्या उद्देशासाठी बरोबर ठरला असता, हे एका ओळीत सांगितलं असतं तर फार उपयोग झाला असता. आम्ही ते घरी करतो. प्रत्येक चुकीच्या पर्यायासाठी नात नवा उद्देश लिहिते: हे वाक्य कुणी, कुणासाठी, कशासाठी लिहिलं असतं? माझ्या मते या एका सवयीने तिचा जेवढा फायदा झाला, तेवढा नुसते प्रश्न सोडवून झाला नसता. एका प्रश्नातून चार निघतात आणि पीडीएफ पुरून उरते.

प्रश्नपेढीला मी पाचपैकी साडेचार देईन. अर्धा गुण स्पष्टीकरणांचा कापला.

खान अकॅडमी या ऑनलाइन शिकवणाऱ्या संस्थेचा अभ्यासक्रमही फुकट आहे आणि कॉलेज बोर्डाच्या सहकार्याने चालतो. ही भागीदारी २०१५ पासूनची. वाचन-लेखनाचे पाठ तिथे पायाभूत, मध्यम आणि प्रगत अशा तीन थरांत लावलेत, आणि टिपांच्या प्रश्नाचा धडा तिन्ही थरांत आहे. ज्या मुलाला हा प्रकार मुळात काय आहे तेच कळलेलं नाही, त्याने इथून सुरुवात करावी. समजावण्याची भाषा साधी आणि प्रेमळ आहे. माझी अडचण वेगळी. प्रत्येक उत्तरानंतर लगेच बरोबर-चूक कळतं, आणि मुलं पुढच्या हिरव्या खुणेच्या मागे लागतात. उद्देशाचं वाक्य न वाचता सूर ओळखून उत्तर द्यायला लागतात. सोप्या थरात ते चालूनही जातं. म्हणून धडा समजला की मी नातीला तिथून उठवून कागदावर आणलं. साडेतीन गुण.

ब्लूबुक हे खऱ्या परीक्षेचं अ‍ॅप. सराव परीक्षाही त्यातच होतात. डावीकडे टिपा, उजवीकडे उद्देश आणि पर्याय. नको तो पर्याय खोडण्याची सोय आहे, नंतर बघण्यासाठी खूण करता येते, मजकुरावर रंग मारता येतो, घड्याळ डोळ्यांसमोरून घालवता येतं. आमची नात घड्याळ बंदच ठेवते. घरचं खासगी क्रोमबुक (गूगलच्या प्रणालीवर चालणारा लॅपटॉप) मात्र त्याला चालत नाही, शाळेच्या ताब्यातलं लागतं. विंडोज, मॅक किंवा आयपॅड असेल तर प्रश्न नाही. हे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

ब्लूबुकवर सराव का हवा, याचं कारण टिपांच्या प्रश्नाच्या जागेत आहे. वाचन-लेखन विभागाचे दोन भाग, प्रत्येकी २७ प्रश्न आणि ३२ मिनिटं. म्हणजे प्रश्नामागे सव्वा मिनिटही नाही. आणि टिपांचे प्रश्न दोन्ही भागांत अगदी शेवटी येतात. शब्दार्थ, उतारे, कविता, व्याकरण, जोडशब्द सगळं करून दमलेलं मूल जेव्हा तिथे पोचतं, तेव्हा हातात तीन-चार मिनिटं उरलेली असतात आणि समोर सगळ्यात जास्त मजकूर. मग ते अंदाजपंचे टिचक्या मारतं. त्यात पहिल्या भागातल्या कामगिरीवर दुसरा भाग सोपा मिळणार की अवघड हे ठरतं, आणि वरचे गुण अवघड भागातूनच मिळतात. त्यामुळे पहिल्या भागाच्या शेवटी सांडलेले हे प्रश्न दुप्पट महाग पडतात.

एकाच भागात पुढे-मागे जाता येतं, हे बऱ्याच मुलांना ठाऊक नसतं. आमच्या नातीला मी सुचवलं की थेट शेवटच्या प्रश्नावर जा, टिपांचे प्रश्न ताज्या डोक्याने आधी सोडव आणि मग पहिल्या प्रश्नाकडे ये. तिला हे मानवलं. पुतण्याच्या मुलाला नाही मानवलं, त्याची लय बिघडली. दोन्ही पद्धती पूर्ण सराव परीक्षेत करून बघाव्यात आणि जी जमेल ती धरावी. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे काहीच नाही तर निदान कोरं काही सोडू नये. ब्लूबुकला चार गुण. सराव परीक्षेनंतर प्रत्येक प्रश्न आणि त्याचं स्पष्टीकरण परत बघायला मिळतं, ही त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट.

खऱ्या परीक्षेच्या निकालपत्रावर मात्र मी नाराज आहे. तिथे प्रश्न परत दिसत नाहीत, ते समजू शकतो. पण कामगिरी दाखवतात ती क्षेत्रवार, आठ पट्ट्यांत. टिपांचा प्रश्न आणि जोडशब्दांचा प्रश्न एकाच पट्टीत कोंबलेले. 'तथापि' आणि 'परिणामी' यांत गोंधळणाऱ्या मुलाचा आजार वेगळा, आणि वाचक कोण हे न बघणाऱ्याचा वेगळा. पट्टी अर्धी भरलेली दिसली तर पालकाने काय समजायचं? परीक्षेची फी भरणाऱ्याला एवढी फोड मिळायला हवी.

आता पैसे घेणाऱ्यांविषयी. नात आधी तिकडच्या एका शिकवणी केंद्रात जायची. नाव लिहीत नाही. एके दिवशी माझ्यासमोर प्रश्न सोडवताना तिने टिपांवर हात ठेवून त्या झाकल्या. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "आबा, नोट्स वाचायच्याच नाहीत. गोल, म्हणजे उद्देश, वाचायचा आणि ऑप्शन्स वाचायचे. क्लासमध्ये असंच शिकवलंय, टाइम वाचतो."

मी ते बाजूला सारलं नाही, तपासून पाहिलं. सोप्या आणि मध्यम प्रश्नांत युक्ती चालते. पर्याय बहुधा खरेच असतात, त्यामुळे उद्देशाशी ताडून निकाल लावता येतो. उद्देश आधी वाचावा हेही अगदी खरं, मीही तेच सांगतो. पण अवघड प्रश्नांत गाडी अडते. एखाद्या संशोधनाच्या टिपांत आधीची समजूत, अभ्यासाची पद्धत आणि निष्कर्ष असे तिन्ही असतात. निष्कर्ष मांडायचाय असं उद्देश म्हणतो, आणि आधीची समजूत ऐटीत मांडणारा पर्याय निष्कर्षासारखाच वाचला जातो. टिपांवरून नजर फिरवली असती तर दहा-पंधरा सेकंदांत कळलं असतं की कोणतं काय आहे. नातीचे अवघड प्रश्न याच जागी चुकत होते. केंद्राने दिलेल्या छापील प्रश्नसंचात तर काही ठिकाणी दोन पर्याय सारखेच बरोबर होते, आणि उत्तरतालिकेत एकच. त्या प्रश्नांवर मुलीने डोकं आपटून घेतलं असतं तरी तिला काही कळलं नसतं, कारण कळण्यासारखं तिथे काही नव्हतंच. लेकीला म्हटलं, पुढची फी भरू नकोस.

ती म्हणाली, "बाबा, सगळ्या मैत्रिणी जातात तिथे." मी म्हटलं, जाऊ दे की. गणितासाठी जायचं असेल तर खुशाल जा. पण या प्रश्नासाठी प्रश्नपेढीतली पीडीएफ, एक पेन्सिल आणि शेजारी बसून 'हे वाक्य कुणासाठी?' एवढं विचारणारं घरातलं कुणीतरी पुरे. त्या माणसाला इंग्रजी फाडफाड यायला हवं असंही नाही. माझे उच्चार नातीला हसू येईल असेच आहेत. लोणारचा प्रश्न आम्ही मराठीतच सोडवला, आणि दुसऱ्या दिवशी तीच नजर घेऊन ती इंग्रजी प्रश्नाकडे गेली.

आणखी एका कारणासाठी मी टिपा झाकण्याच्या विरोधात आहे. एसएटीतला ऐच्छिक निबंध २०२१ मध्ये सर्वसाधारण परीक्षेतून गेला. त्यानंतर या परीक्षेत मुलाला स्वतः एक ओळही लिहावी लागत नाही. लिहिणाऱ्याचं डोकं कसं चालतं, याच्या जवळ जाणारा प्रश्न उरलाय तो हाच. तोही युक्तीने उरकायचा असेल तर मग शिकायचं काय? नात अकरावीत एपी लँग्वेज, म्हणजे शाळेतच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा इंग्रजी विषय, घेतेय. त्यात सिंथेसिसचा निबंध आहे: पुढ्यात अनेक स्रोत ठेवतात, त्यातले किमान तीन वापरून स्वतःचं म्हणणं मांडायचं. तिथे झाकायला पर्यायच नसतात. स्रोत वाचावे लागतात, आपल्याला काय म्हणायचंय ते ठरवावं लागतं, आणि त्याला न लागणारं कितीही चांगलं वाक्य सोडून द्यावं लागतं. तिचा पहिला मसुदा सगळ्या स्रोतांचा गोषवारा होता. आता ती आधी कोपऱ्यात उद्देश एका ओळीत लिहिते आणि मग स्रोतांवर खुणा करते. ती सवय टिपांच्या प्रश्नातून आली. दुसरीकडून कुठून येणार होती?

तक्रार आणखी एक आहे, ती प्रश्नप्रकाराविषयीच. टिपा फार स्वच्छ असतात. एकही टीप संशयास्पद नाही, एकमेकींना छेद देणाऱ्या दोन नाहीत, आकडा कुठून आला असा प्रश्न पडावा अशी एकही नाही. कॉपी हातात आली की आमच्या डेस्कवर पहिला सवाल असायचा, हे खरं आहे का? या परीक्षेत तो विचारावाच लागत नाही. सव्वा मिनिटाच्या प्रश्नात ते बसणारही नाही, मान्य. पण ज्या पिढीला माहिती मोबाइलवर ढिगाने मिळते, तिला टिपा निवडण्याआधी त्या पारखायलाही कुणीतरी शिकवलं पाहिजे. नातीसाठी केलेल्या प्रश्नांत मी हल्ली मुद्दाम एक टीप चुकीची घालतो. मागच्या वेळी लोणार सातारा जिल्ह्यात नेऊन ठेवलं होतं. तिने थांबून नकाशा उघडला आणि मला पकडलं.

ज्यांना आजच सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी: प्रश्नपेढी फोनवर उघडू नका, कॉम्प्युटरवर उघडा, प्रश्न निवडायच्या गाळण्या (फिल्टर) नीट दिसतात. मध्यम पातळीपासून सुरुवात करा. सोप्या पातळीने फाजील आत्मविश्वास येतो. उत्तरांशिवायची पीडीएफ मुलाला द्या, उत्तरांसह काढलेली स्वतःकडे ठेवा. घरी प्रिंटर नसेल तर गावच्या लायब्ररीत छापून मिळते. आणि खटाटोप सुरू करण्याआधी मुलाच्या यादीतल्या कॉलेजांना हे गुण हवेत का तेही बघून घ्या. एमआयटीने २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली, डार्टमथ आणि ब्राउनने २०२४ मध्ये तसं जाहीर केलं. पण युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशाच्या निर्णयात एसएटीकडे बघतच नाही.